लाल दोऱ्याने शिवलेलं जोडपान

मी, वय वर्षे सत्त्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी व जुन्या पुस्तकांची खरेदी-विक्री, राहणार दुकानाच्याच मागच्या दोन खोल्यांत, ज्याला अख्खी गल्ली नुसतं ‘बाइंडर’ म्हणते तो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे, डावा डोळा आणि साखर यांबद्दल तसं म्हणता येणार नाही, पण कायद्याला त्यांच्याशी कर्तव्य नाही. मी कुणाच्या सांगण्यावरून किंवा दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आहे ते माझं मलाच, आणि ते एकोणीस वर्षं जुनं आहे. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रं लिहिली आणि दोन्ही फाडली, कारण दोन्हींत आताचं पाचवं कलम नव्हतं. तेव्हा वाचणाऱ्याने घर कुणाला, दुकान कुणाला एवढंच बघून कागद खाली ठेवू नये.

वकिलांनी एक गोष्ट तीनदा बजावली आहे. ज्याला या कागदाने काही मिळणार असेल त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केली, तर सही उरते आणि वाटा जातो. म्हणून साक्षीला शेजारचा चष्मेवाला आणि आमचे डॉक्टर यांना बोलावलं आहे. दोघांनाही या मृत्युपत्राने दमडी मिळत नाही, हे त्यांनी आधीच समजून घ्यावं.

कलम १. दुकान. दुकानात आजमितीला साधारण चार हजार पुस्तकं आहेत. डाव्या भिंतीला वैद्यकाची: शरीररचना, शुश्रूषा, औषधं, दातांची, डोळ्यांची. मधल्या मांडणीत धंद्याची: दुकान कसं वाढवावं, माणसं कशी जिंकावीत, चाळिशीच्या आत मालक कसं व्हावं. उजव्या भिंतीला कादंबऱ्या, त्यांत निम्म्या खुनाच्या आणि निम्म्या प्रेमाच्या. ही रचना माझ्या बायकोची. तिचं म्हणणं होतं की माणूस दुकानात शिरतो तो पोट भरायच्या विवंचनेत किंवा दुखण्याच्या, आणि बाहेर पडताना हातात कादंबरी असते. तिचं खरं होतं. चाळीस वर्षं दुकान कादंबऱ्यांनी तगवलं, पण लौकिक मिळाला तो डाव्या भिंतीने. नर्सिंग शिकणाऱ्या मुली लांबून यायच्या, कारण नवं पुस्तक त्यांना परवडायचं नाही आणि माझं जुनं नव्यासारखं दिसायचं. हे ‘दिसायचं’ लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

कलम २. मुलगा. बँकेत जे काही आहे ते मुलाचं. शिवाय मधल्या मांडणीतली धंद्याची सगळी पुस्तकं त्याची. त्याने ती लहानपणीच वाचून टाकली आणि पुढे मला ऐकवत राहिला. बाबा, जागा मोक्याची आहे, पुस्तकं काढा, मोबाइलचं दुकान टाका. मी कधी भांडलो नाही, फक्त कानाडोळा केला. बाळा, तू वाईट नाहीस. तुझ्या आईच्या आजारपणात तू महिनाभर इथे फरशीवर झोपलास, ते मी विसरलेलो नाही. पण दुकान तुझं नाही. का नाही ते पाचव्यात आहे, आणि ते वाचल्यावर तू माझ्याशी वाद घालणार नाहीस असं मला वाटतं.

कलम ३. चष्मेवाला. याने अकरा वर्षांपूर्वी ‘गिऱ्हाइकाचा विश्वास कसा संपादन करावा’ या विषयावरच्या एका जाडजूड ग्रंथाचा पहिला भाग वाचायला नेला आणि परत दिला नाही. विचारलं की म्हणतो, वाचतोय अजून. त्याला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, कारण तो साक्षीदार आहे, म्हणून दुसरा भाग आज सकाळीच त्याच्या हातात ठेवला आहे. आता तरी संच एकत्र नांदेल. माझ्या बायकोच्या खुनाच्या कादंबऱ्यांना मात्र त्याने हात लावायचा नाही. ती खुन्याचं नाव पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहून ठेवायची, म्हणजे मग स्वस्थपणे वाचता येतं म्हणे. त्या एकशे चाळीस कादंबऱ्या विकू नयेत आणि ती नावं खोडू नयेत.

कलम ४. हत्यारं. दाबाचा लोखंडी प्रेस, कागद कापायचं यंत्र, दाभणं, हाडाची पट्टी, सोनेरी अक्षरांचे ठसे. हे सगळं माझ्या वडिलांचं. तेही बाइंडरच. त्यांचा एक नियम होता, तो इथे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जुन्या पुस्तकात पानं गहाळ असतात. मग त्याच पुस्तकाची दुसरी फाटकी प्रत शोधायची आणि तिच्यातलं पान काढून बसवायचं. पान एकटं शिवता येत नाही, घडी घातलेलं जोडपान असतं. वडिलांचा नियम असा की मूळ पानं पांढऱ्या दोऱ्याने शिवायची, पण बाहेरून आणलेलं जोडपान लाल दोऱ्याने. वाचणाऱ्याला ते दिसत नाही, कण्याच्या आत राहतं. पण पुढे कधी दुसऱ्या बाइंडरने पुस्तक उसवलं तर त्याला कळावं की हे पान पाहुणं आहे. हा नियम मी जन्मभर पाळला. हत्यारं माझ्या मागे ज्याला हा नियम मान्य असेल अशा कुणाही कारागिराला द्यावीत.

कलम ५. पत्र्याची पेटी. माझ्या पलंगाखाली पत्र्याची पेटी आहे. तिच्यात जुन्या चादरीत गुंडाळलेलं शुश्रूषेचं एक पुस्तक आहे, निळं कापडी, कण्यावर सोनेरी अक्षरांत ‘बेबी’ असा ठसा. बेबी म्हणजे माझी भाची, माझ्या एकुलत्या एक बहिणीची मुलगी. तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा मामाने दिलेली ही भेट. प्रत मला रद्दीत मिळाली होती, नवी आवृत्ती, फक्त एक जोडपान गेलेलं. माझ्याकडे तेच पुस्तक जुन्या आवृत्तीचं फाटक्या अवस्थेत पडलं होतं. मी पानाचा आकडा जुळवला. मागचं पान संपतं तो शब्द आणि पुढचं सुरू होतं तो शब्द जुळवला. सगळं तंतोतंत जुळलं. पान जरा पिवळट होतं, ते चार दिवस उन्हात ठेवलं, कडा घासल्या, लाल दोऱ्याने शिवलं. जोड कुठे आहे ते मलाही नंतर सापडेना. किती खूश झालो होतो मी स्वतःवर!

त्या पानावर लहान मुलांना द्यायच्या औषधांचा तक्ता होता. अक्षरं जुळली होती. आकडे मी वाचलेच नाहीत. बाइंडर आकडे वाचत नाही, तो कडा बघतो. जुन्या आवृत्तीच्या काळात त्यातलं एक इंजेक्शन पातळ मिळायचं, नव्याच्या काळात दुप्पट कडक. म्हणजे नव्या तक्त्यात मात्रा निम्मी होती आणि माझ्या पानावर जुनीच.

बेबी नर्स झाली. आठ वर्षं तिच्या हातून एक चूक झाली नाही. मग एका दुपारी वॉर्डात चार वर्षांची मुलगी आली, आणि डॉक्टरांनी कागदावर नुसतं लिहिलं, ‘तक्त्याप्रमाणे’. ते औषध बेबीला नेहमीचं नव्हतं, म्हणून तिने तिचं निळं पुस्तक उघडलं, पाहिलं आणि दिलं. पाच दिवस दिलं. मुलगी तापातून उठली, पण तिला ऐकू येईनासं झालं. ते आजतागायत.

चौकशीत बेबीने सांगितलं की मी पुस्तकात बघूनच दिलं. त्यांनी रुग्णालयाची प्रत उघडली, तर तिच्यात निम्मी मात्रा. ते म्हणाले, तुमची प्रत घेऊन या. तिची प्रत माझ्याकडे होती, पुठ्ठा सैल झाला म्हणून आदल्याच आठवड्यात दिली होती. तिचा निरोप आला आणि मी कणा उसवला. आत लाल दोरा. माझी पाचावर धारण बसली. मला पोलीस दिसले, बंद दुकान दिसलं, माझ्याकडून पुस्तकं नेलेल्या शेकडो मुली दिसल्या. बेबी सोडून मला सगळे दिसले. संध्याकाळी ती आली तेव्हा मी सांगितलं की पुस्तक चुकून रद्दीत गेलं.

ती उलट मलाच समजावू लागली. “जाऊ दे मामा, तुम्ही मुद्दाम थोडंच घालवलंत?” हे वाक्य मी एकोणीस वर्षं ऐकतो आहे.

तिची नोकरी गेली, परिचारिकांच्या नोंदवहीतून नाव गेलं. ठरलेलं लग्नही मोडलं. तिला स्वतःचीच खात्री उरली नाही. मीच ओळ चुकले असेन, असं ती म्हणू लागली आणि मी तेही ऐकून घेतलं. माझी बहीण पोरीच्या हातून पाप झालं असं मानत गेली. शेवटच्या दिवसांत ती मला म्हणाली होती की दादा, हिला सांभाळ. मी हो म्हणालो. तोंड वर करून हो म्हणालो.

डाव्या भिंतीवरची जी पुस्तकं मी शिवली, ती त्यानंतर एकेक करून उसवून तपासली. विकली गेलेली मिळतील तितकी परत घेतली, कुणाला कारण सांगितलं नाही. बाकीची कुठे आहेत मला माहीत नाही, आणि ते मला झोपू देत नाही.

या कलमाची एकेक नक्कल त्या रुग्णालयाला, नोंदवही ठेवणाऱ्या मंडळाला आणि त्या मुलीच्या आईवडिलांना माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांत द्यावी, सोबत निळं पुस्तक दाखवावं. चूक बेबीची नव्हती. ती वाचण्यात चुकली नाही. तिने वाचलं तेच पानावर होतं, आणि ते पान मी बसवलं होतं.

कलम ६. दुकान, मागच्या दोन्ही खोल्या आणि डाव्या-उजव्या भिंतींवरची पुस्तकं बेबीला द्यावीत. याने काही फिटत नाही हे मला कळतं. काही कारणाने हे बेबीकडे गेलं नाही, तर मुलाकडे न जाता त्या मुलीकडे जावं. आता ती तेवीस वर्षांची असेल. हे सगळं जिवंतपणी तोंडाने सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून हा कागद. मला भित्रा म्हणावं, ते बरोबर आहे.

पुरवणी, त्याच दिवशी.

वरचं लिहून झालं आणि चष्मेवाला आला. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, नुसती सही बघायची असते, पण हा दुसऱ्याचं वाचण्यात पहिल्यापासून तरबेज. पाचवं कलम त्याने उभ्यानेच वाचलं. मग खुर्ची ओढून बसला आणि पेनाचं टोपण लावून टाकलं. “बाइंडर, तिला दाखवल्याशिवाय मी सही करणार नाही,” असं म्हणाला. मी म्हटलं, डॉक्टर अकरा वाजता येतायत, तमाशा करू नकोस. तो हलला नाही.

बेबी रोज साडेनऊला येते. बायको गेल्यापासून माझं सकाळचं इंजेक्शन तीच देते. लोकांच्या घरी जाऊन म्हाताऱ्यांचं बघते, त्यांत मी पहिला. तिची एक सवय आहे. बाटलीवरची चिठ्ठी ती तीनदा मोठ्याने वाचते, मग सिरिंजवरचा आकडा तीनदा वाचते, आणि मग देते. चार वर्षं रोज मी ते ऐकतो आणि भिंतीकडे बघतो.

ती आली तेव्हा मी कागद तिच्यापुढे ठेवला. तिने शेवटपर्यंत वाचला. मग वाकून पेटी ओढली, चादर सोडली, पुस्तक उघडलं आणि ते जोडपान बोटाने दाबून मध्ये पाहिलं. दोरा अजून लाल आहे. ती रडली नाही, ओरडली नाही. चष्मेवाला खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

“आईला सांगायला हवं होतंत,” ती म्हणाली. “मला नंतर सांगितलं असतंत तरी चाललं असतं.”

मी माफी मागितली, तर तिने हाताने थांबवलं आणि हात धुवायला गेली. परत येऊन तिने बाटली हातात घेतली. मला वाटलं, आज ही देणार नाही, आणि देऊही नये. तिने चिठ्ठी एकदाच वाचली. आकडा एकदाच वाचला. इंजेक्शन दिलं, कापूस दाबून धरला, आणि म्हणाली की उद्यापासून दुसरी बाई पाठवते.

मग तिने पेन मागितलं. चष्मेवाला म्हणाला, “बेबी, अगं साक्षीदार म्हणून सही केलीस तर दुकान जाईल तुझं.”

“माहितीये काका, वाचलं मी. मला दुकान नको. हे त्यांनी माझ्यासमोर कबूल केलं, एवढंच मला हवंय.”

निळं पुस्तक आणि पाचव्या कलमाची मी तिथेच करून दिलेली नक्कल तिने पिशवीत घातली. मंडळाकडे ती आजच जाणार आहे, माझ्या मरणाची वाट बघणार नाही. डॉक्टरांना येऊ नका म्हणून निरोप दिला आहे. दुकान आता सहाव्या कलमाप्रमाणे त्या मुलीचं. वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, या वेळी आकड्यांसकट, आणि तो खरा आहे.

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: ११ फेब्रुवारी, बुधवार, सकाळी पावणेअकरा

मृत्युपत्र करणार: (सही) बाइंडर

आम्ही दोघांनी मृत्युपत्र करणाऱ्याला आमच्यासमक्ष सही करताना पाहिलं, आणि त्याच्यासमक्ष आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार पहिला: (सही) शेजारी. व्यवसाय: चष्मे. पहिला भाग उद्या परत आणून देतो.

साक्षीदार दुसरी: (सही) भाची. व्यवसाय: ~~घरकामात मदत~~ परिचारिका.