मीटर चांगलं दाखवे तेव्हा

अहो,

तुम्ही गाढ झोपले होते, म्हणून उठवलं नाही. मी धंतोलीले ड्युटीवर चालली.

तुमच्या जीपच्या वायरलेसची केबल मी बदलली. मीटर चांगलं दाखवते म्हणजे अँटेना बरोबर हाय, असं तुम्ही सहा महिने समजत राहिले. ती सस्ती केबल सिग्नल मधातच खाऊन टाके. मीटर तर अँटेनातून किती सिग्नल वापस आलं, तेच मोजते; वापस यायले काही उरतच नव्हतं, तर ते तक्रार काहून करन? मौद्याहून तुमचा अर्धाही आवाज घरी पोचत नव्हता.

आता मीटर खराब दाखवन. ते खरं हाय. निघायच्या आधी अँटेनाच्या दांडीची लांबी जुळवून घ्या. जुनी केबल मी फेकली.

फोनवर तुम्ही ‘ठीक हाय’ म्हणून ठेवून देता, वायरलेसवरच मोकळे होता. संध्याकाळी सात वाजता घरच्या वायरलेस सेटपाशी बसून राहीन. सहा महिन्यांत जे जे बोलले, ते पुन्हा सांगा.

अनुसया