माझ्या पश्चात जयाच्या रक्ताची व्यवस्था

मी लतिका मोरोपंत पोतनीस, वय वर्षे चौसष्ट, जन्म धारचा, राहणार देवास, टेकडीच्या पायथ्याशी, व्यवसाय संशोधन (होता), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने मराठीत लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांचे सर्टिफिकेट सोबत जोडले आहे. ते ज्यांनी दिले त्यांच्यापेक्षा माझे डोके जास्त ठिकाणावर आहे, हेही इथे नमूद करते. मला कोणी धमकावलेले नाही. कोणी लाडीगोडीही लावलेली नाही, कारण त्यासाठी आधी माणसाने घरी यावे लागते.

रोग स्वादुपिंडाचा आहे. तीस वर्षे मी कर्करोगावर उजेड टाकत आले आणि मला तो झाला पोटात पार आत, जिथे माझा दिवा पोहोचत नाही. यात देवाची लीला वगैरे कोणी शोधत बसू नये. नशीब फुटके, एवढेच. चैत्र काही मी बघत नाही.

कलम १. माझा पुतण्या अनीश, राहणार इंदूर, याला मराठी बोलता येते पण वाचताना अडते. हिंदी शाळेत घातला तेव्हाच मी दादाला सांगितले होते. तेव्हा वकील तुकोजीराव जगदाळे यांनी त्याला हे सबंध मोठ्याने वाचून दाखवावे. जिथे त्याच्याविषयी काही आहे तिथे आवाज बारीक करू नये.

कलम २. माझा देह मेडिकल कॉलेजला देऊ नये. ज्या संस्थेत जन्म घालवला तिला मी पुरेसे दिले आहे; आता हाडेही देण्याची माझी तयारी नाही. रीतसर जाळावे आणि अस्थी धरमपुरीला नर्मदेत सोडाव्यात. बाबांच्या तिथेच सोडल्या होत्या. नावाड्याशी घासाघीस करू नये. संस्थेने शोकसभा ठेवली तर घरच्यांपैकी कोणीही जाऊ नये, आणि भिंतीवर माझा फोटो लागला तर अनीशने तो उतरवून आणावा. तेवढे एक काम त्याने आत्यासाठी करावे.

कलम ३. आईच्या पैठण्या, पितळी भांडी आणि देव्हारा अनीशच्या बायकोला. देवांची पूजा तिने केली तर केली. धारच्या घरातला माझा हिस्सा मी दादाच्या हयातीतच सोडला आहे. त्यावर पुन्हा बोलणे नको.

कलम ४. आता मशीन. खालच्या मजल्यावर मधल्या खोलीत जे आहे त्याला अनीश "बुआ का डब्बा" म्हणतो. ते काय आहे हे त्याला एकदा तरी कळावे म्हणून लिहिते.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी बिघडल्या की त्यांचाही कर्करोग होतो. मी तयार केलेले औषध या बिघडलेल्या पेशी चांगल्या पेशींपेक्षा जास्त धरून ठेवतात. अंधारात ते औषध काहीच करत नाही. निळा उजेड पडला की ते जागे होते आणि ज्या पेशीत असेल तिला मारते. ऐकायला किती सोपे! अडचण रक्ताचीच आहे. रक्त लाल आहे, आणि लाल रक्त उजेड पिऊन टाकते. वरचा थर सोडला की खाली काळोख. म्हणून माणसाला आधी औषध पाजायचे, मग त्याचे रक्त बाहेर काढायचे, पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, दोन काचांमध्ये पापडासारख्या पातळ पसरायच्या, त्यावर दिवा धरायचा आणि परत त्याच माणसाला द्यायच्या. दर पंधरवड्याला. काचांची चौकट पीथमपुरातल्या एका वर्कशॉपात करून घेतली आहे. बाकी सगळे मशीन माझे आहे.

अकरा माणसांवर हे केले. दहा गेली. त्यांची नावे मला पाठ आहेत, इथे लिहीत नाही. एकीला लागू पडले. तिलाच का, हे मला आजही माहीत नाही, आणि हे न कळताच मी मरणार आहे. रात्रंदिवस डोके फोडून घेतले आहे मी यावर.

कलम ५. ती एक म्हणजे सौ. जया अर्पित शितोळे, राहणार देवास, माहेर टोंकखुर्द. घरी बसून ब्लाउज शिवते. नवरा अर्पित पीथमपुरात कारखान्यात आहे, शिफ्टच्या बसने जातो-येतो. नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे आली तेव्हा बिघडलेल्या पेशी कातडीत उतरून अंगभर लाल चट्टे होते आणि खाज इतकी की हातांना फडकी बांधून झोपायची. मोठ्या इस्पितळाने सहा महिने सांगितले होते. ती आजही जिवंत आहे आणि मला ब्लाउजच्या बाह्यांवरून बोलते.

याची किंमत तिने मोजली आहे. औषधाचा अंश दहा-बारा दिवस अंगात राहतो. तेवढे दिवस उन्हात गेले तर तेच औषध कातडी भाजून काढते. अंश उतरतो न उतरतो तोच पुढची खेप येते. म्हणजे नऊ वर्षे ही बाई पडदे लावून बसली आहे. भाजी आणायलाही दिवे लागल्यावर जाते.

माझ्या पश्चात तिची खेप एकदाही चुकू नये. या मृत्युपत्रात हेच एक कलम खरे आहे. बाकीचा कचरा आहे. सबब खालचा मजला, मशीन आणि बँकेतल्या ठेवींचे व्याज जया हयात असेपर्यंत जयाच्या उपचाराकडे राहील. तोवर अनीशने घर विकू नये, भाड्याने देऊ नये, बिल्डरला आणून दाखवू नये. तो एकदा घेऊन आला होता. सोनेरी साखळीवाला माणूस, येताच भिंतीवर टिचक्या मारून बघत होता. मी आत खोकत पडले होते, अरे.

कलम ६. मशीन चालवायला डॉक्टर लागतो. मी ज्यांना ज्यांना विचारले ते सगळे माझ्या तब्येतीची चौकशी करून उठले. उरला डॉ. माधव. आम्ही एकाच वर्षी संस्थेत लागलो. आज तो विभागाचा प्रमुख आहे. माझ्या अभ्यासावर त्यानेच शेरा मारला की एका रोग्यावरून काही सिद्ध होत नाही, हा योगायोग आहे, पुढे चालवण्याजोगे यात काही नाही. चालताबोलता माणूस योगायोग! त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलले नव्हते. त्याच्या मुलीच्या लग्नात जेवले, पण बोलले नाही.

गेल्या महिन्यात मीच फोन केला. नाक मुठीत धरून केला. तो म्हणाला, "लतिका, सगळे निष्कर्ष माझ्या नावावर करून देत असशील तर बघू. मग परवानगी मी मिळवीन, आणि बाईच्या खेपाही मीच करीन."

तर हे लिहून देते: तीस वर्षांचे निष्कर्ष, औषधाची कृती, काचांचे नकाशे, सगळे डॉ. माधव यांना. नाव त्यांचे घालावे. माझे गाळले तरी चालेल. बदल्यात त्यांनी जयाचे रक्त दर पंधरवड्याला उजेडाखाली धरावे. हे मी संतापाने लिहिते आहे. पण ती जगणार असेल तर घे, बाबा, सगळे घे.

कलम ७. जयानंतर घर अनीशचे.

येथवर काल लिहिले. आज वकील तुकोजीराव सह्यांसाठी आले. साक्षीदार म्हणून शेजारचे मल्हारराव काकडे, आणि दुसरे स्वतः वकील, असे ठरले होते. जयाच्या खेपेचा आजच दिवस, म्हणून तीही छत्री घेऊन, तोंड गुंडाळून आली. वकिलांनी सगळे मोठ्याने वाचले. ती दारात उभी राहून ऐकत होती. पुढे जे झाले ते या दस्तऐवजाचा भाग आहे.

जयाने विचारले, "वकीलसाहेब, ज्याला मिळणार त्यानंच गवाहीची सही केली तर?"

वकील म्हणाले, "नको, बाई. भाऊबंद कोर्टात खुसपट काढतात. कलम लटकतं."

"मग दुसरी सही मी करते."

मला वाटले तिला कळले नाही. मी समजावू लागले. तिने तिच्यासाठी काढून ठेवलेले औषधाचे भांडे उचलले आणि कपाटात परत ठेवून दिले.

"कळलं आहे, ताई. मला आज औषध नको. पुढच्या खेपेलाही नको. मी थकून गेली."

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. कृतघ्न म्हटले, अक्कल गहाण टाकलीस का म्हटले. माधव तयार झालाय, मी त्याच्या पाया पडलेय तुझ्यासाठी, म्हटले. वर्षभरात पुन्हा चट्टे येतील, मग घसा, मग फुप्फुसे, सगळे सांगितले. तिला ठाऊक होते. बाकी दहाजणांना तिने मशीनच्या खोलीत येता-जाता बघितले आहे.

ती माझ्या पलंगाशी बसली. म्हणाली, "टोंकखुर्दला भावाच्या शेतात छोड आलाय, ताई. ओला हरभरा. दिवसा बसून खायचा आहे. अर्पितशी बोलून झालं. तो रडला, मग बरं म्हणाला."

मी म्हटले, "अगं बाई, तू जिवंत आहेस हेच माझं सगळं काम आहे. दुसरं काही नाही माझ्यापाशी."

"माहीत आहे ना," ती म्हणाली. "सुरुवातीला मी माझ्यासाठी येत होती. मागची काही वर्षं तर तुमच्यासाठीच आली. आता तुम्हीच राहणार नाही, तर कोणासाठी येऊ? त्या माधव सरांसाठी?"

मल्हारराव खिडकीबाहेर बघत राहिले.

इतकी वर्षे मी समजत होते की मी हिला जगवते आहे.

सबब कलम ५, ६ व ७ मी रद्द करीत आहे. त्यांवर एकच रेघ मारली आहे, खालचे वाचता यावे म्हणून. वाचून कोणाला काही उपयोग नाही, तरी.

डॉ. माधव यांना काही देणे नाही. कागद, कृती, नकाशे कोणीही न्यावेत. कोणी नेले नाहीत तर राहू द्यावेत, वाळवी लागली तर लागू द्यावी. मशीन भंगारात गेले तर जाऊ द्यावे. औषधाच्या उरलेल्या बाटल्या मात्र कोणाच्या हाती लागू नयेत. घर आता लगेच अनीशचे. आण बाबा तुझा साखळीवाला, भिया, आता कोणी खोकत नाही. ठेवी मोडून रक्कम जयाला द्यावी असे मी लिहिणार होते. तिने हात धरला. म्हणाली, तेही लिहिलंत तर मला सही करता येणार नाही. तेव्हा ठेवीही अनीशलाच.

याहून अधिक काही द्यायचे माझ्यापाशी उरलेले नाही. वर लिहिले ते वाचून, समजून, मनाविरुद्ध, पण पूर्ण शुद्धीत मी खाली सही करते. मनाविरुद्ध हा शब्द वकील खोडायला सांगत आहेत. खोडणार नाही.

खोलीत सही करायला जया तयार नाही. तिच्या सांगण्यावरून मल्हाररावांनी आणि वकिलांनी मला खुर्चीसकट गच्चीवर आणले आहे. मागच्या खेपेचे औषध तिच्या अंगातून उतरले आहे, त्यामुळे आजच्या उन्हाने तिला काही होणार नाही. जे व्हायचे ते आता औषधावाचून होईल. तिने डोक्यावरचा पदर काढला आहे, बाह्या वर सारल्या आहेत आणि डोळे मिटून बसली आहे. मला हे बघवत नाही.

लिहून देणार: लतिका मोरोपंत पोतनीस (सही)

साक्षीदार १: मल्हारराव काकडे, शेजारी, निवृत्त पोस्टमास्तर (सही). दोघींसमक्ष सही केली.

साक्षीदार २: सौ. जया अर्पित शितोळे, शिवणकाम (सही, हिंदीत). मला या कागदातून काही मिळणार नाही, हे मला वाचून दाखवले व समजले.

स्थळ: देवास, राहत्या घराची गच्ची, भर उन्हात
मिती: पौष शुद्ध चतुर्दशी, शके १९४६, रविवार, दिनांक १२ जानेवारी २०२५