तीन नंबरची जागा

९ मार्च

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे जेवतो, झोपतो. तुझ्या सासूबाईंचा गुडघा कुरकुरतो आणि माझं शिलाई मशीनही. दोघांना तेल कमी पडतं म्हणे. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. त्यात विचारलंस त्याचं उत्तर देतो, पण आधी कालची हकिगत ऐक.

काल मी आमच्या भटक्या टोळीबरोबर लढाईच्या वेळच्या त्या जुन्या, ओस विमानतळावर गेलो होतो. तुझ्या नवऱ्याचं पडक्या जागा धुंडाळायचं वेड तू पाहिलंच आहेस. त्याच्या नादाने मीही जायला लागलो आणि तो गेल्यावरही जातो. आनंद होतो असं नाही. घरी बसूनही होत नाही.

धावपट्टी आता पुरुषभर गवतात बुडाली आहे. काँक्रीटच्या सांध्यांतून झुडपं वर आली आहेत, उसवलेल्या शिवणीतून अस्तर डोकावतं तशी. मनोऱ्याचा जिना अर्ध्यातच संपतो. गवतात कोणी कोणाला दिसत नाही, म्हणून ओळीने चालायचं आणि मधूनमधून आपला नंबर पुकारायचा. पुढे फोटोग्राफर, तो एक. कंपाउंडर दोन. तुझा नवरा तीन, मी चार आणि शेवटी ड्रायव्हर पाच.

तो गेल्यावर फोटोग्राफर म्हणाला, नंबर बदलून घेऊ. मी साफ नाही म्हणालो. तेव्हापासून दोन झाले की सगळे जरा थांबतात, मग मी चार म्हणतो. आधी ते थांबणं नकोसं व्हायचं. पुढे अंगवळणी पडलं. आताशा मला त्याचं काहीच वाटत नाही.

काल पुढून फोटोग्राफरचं ‘एक’ ऐकू आलं. मग शांतता. मी चार म्हणालो. पुन्हा तसंच झालं, आणि त्यानंतरही. तीनचीच शांतता आहे असं धरून आम्ही चालत राहिलो. पट्टी संपून मोकळ्यावर आलो तर कंपाउंडर नाही. मागे जाऊन शोधला. झाकण गेलेल्या जुन्या गटारात तो पडला होता, डोकं आपटून बेशुद्ध. मी त्याच्या बाजूनेच गेलो असणार.

आता जिवावरचं टळलंय. दवाखान्यात त्याने मला एवढंच विचारलं, "काका, माझा आवाज आला नाही हे कुणालाच कळलं नाही?"

घरी येऊन तुझ्या सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी पोरीला उत्तर लिहा. ती तिकडे ताटकळलीय."

तर सूनबाई, तू लग्न कर. परवानगी देणारा मी कोण, पण तू विचारलंस म्हणून लिहितो. तुझं पत्र वाचून मला राग आला होता. तू आहेस तशीच राहिलीस तर तोही थोडा उरेल, असं वाटायचं. त्यात तुझे हाल होतील हे मनातही आलं नाही. हे लिहिताना रडू यायला हवं, ते येत नाहीये. पण लिहितोय ते मनापासून.

पुढच्या खेपेला मी तीन म्हणणार आहे, तसं सगळ्यांना सांगितलंय.

त्या गृहस्थांची मापं पाठव. लग्नाचा कोट मी शिवीन. खांदे नीट मोजायला सांग, कोट बिघडतो तो तिथेच.

नातं बदललं तरी सही बदलत नाही,
तुझे बाबा