परळ सेंटरच्या फायली

१७ मार्च, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला! लालबागला पहिल्या मजल्यावर एक्स-रे सेंटर आहे. खाली मिरच्या कांडायचा डंका, त्यामुळे दिवसभर शिंका. रिसेप्शनच्या बकुळाताई म्हणाल्या, आठवड्यात सवय होते. एक्स-रे काढणारा संघर्ष माझ्याच वयाचा, आणि ते वाचून रिपोर्ट लिहिणारे डॉ. तेरवणकर. मी नायगावच्या बीडीडी चाळीतून चालत आले. आईने अख्ख्या चाळीला सांगून टाकलंय, आमची नम्रता कम्प्युटरवाली झाली.

गेल्या महिन्यात कुणीतरी ईमेलने आलेली खोटी फाईल उघडली आणि इथले सगळे कम्प्युटर दोन दिवस ठप्प. म्हणून मला घेतलं. कुठली अटॅचमेंट आत सोडायची आणि कुठली अडवायची, याचे नियम लावायचेत.

१८ मार्च

प्रोग्रॅमच्या फायली सरळ बाद केल्या. झिप फायली अडवायच्या, पण आमच्या गिरगाव आणि काळाचौकी सेंटरचे एक्स-रे झिपमधूनच येतात, म्हणून ते दोन पत्ते सोडायचे. अडवलेली फाईल मी एका वेगळ्या कम्प्युटरवर उघडून तपासायची.

दुपारी पहिली सापडली. पत्ता 'परळ सेंटर'. उघडली तर मनगटाचा एक्स-रे, हाड मोडलेलं. पेशंटचं नाव नाही. तीन बांगड्या, मधली चेपलेली. तारीख उद्याची होती. मशीनचं घड्याळ पुढे असेल.

१९ मार्च

सकाळी बकुळाताई जिन्यात पडल्या. संघर्षने लगेच एक्स-रे काढला. मी पडद्यापाशी उभी होते. तीन बांगड्या. मधली चेपलेली. हाडावरची चीरसुद्धा तीच.

 

२० मार्च

संघर्षला परळबद्दल विचारलं. म्हणाला, ते सेंटर दोन वर्षांपूर्वीच बंद झालं. छताचा स्लॅब कोसळला तेव्हा जयवंत नावाचा ऑपरेटर आत बसून एक्स-रे पाठवत होता. गेला बिचारा. आता तिथे नुसते पत्रे ठोकलेत.

जेवून आले तर परळची दुसरी फाईल. उघडायला नको होती. पण कालचा निव्वळ योगायोग होता हे मला बघायचं होतं. छाती. डाव्या तीन बरगड्या मोडलेल्या. वर चैत्याच्या आकाराचं लॉकेट. संघर्षच्या गळ्यात असतं तसलं. तारीख पुन्हा उद्याची.

त्याला दोन्ही फायलींचं सगळं सांगितलं, म्हटलं, उद्या गाडी काढू नकोस. तो हसला.

२१ मार्च

टेम्पोने उडवलं. डाव्या तीन बरगड्या.

हॉस्पिटलमध्ये गेले. त्याला धड श्वास घेता येत नव्हता. तरी माझा हात धरून म्हणाला, "तू उघडलीस म्हणून झालं गं. आता आली तर उघडू नको."

२४ मार्च

शनिवारी परळच्या दोन आल्या होत्या. हात लावला नाही. न बघताच पुसल्या.

कालपासून आज संध्याकाळपर्यंत बाकी सगळे धडधाकट. म्हणजे संघर्षचं खरं होतं. उघडलं की होतं. बकुळाताईंचा हात, त्याच्या बरगड्या — मी —

नियम लावला: परळच्या पत्त्यावरून आलं की आपोआप नष्ट. पण जाता जाता गिरगावच्या पत्त्यावरून एक आली. गिरगाव सेंटर तर तासाभरापूर्वीच बंद झालं होतं. त्या जयवंतला कळलंय की गिरगावच्या फायली मी सोडते.

मग सगळ्याच झिप अडवून ठेवल्या. सगळ्यांच्या.

२५ मार्च, दुपार

डॉक्टर भडकलेत. गिरगावच्या एका आजींचं खुब्याचं ऑपरेशन सकाळपासून थांबलंय, एक्स-रे माझ्याकडे अडकलाय. त्यांचं म्हणणं चूक नाही. त्या आजींचा कुठला आणि परळचा कुठला, हे न उघडता मला सांगता येत नाही.

सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, दोन दिवस सुट्टी घे, बाळ. आणि माझ्यासमोर नियम काढून टाकला. अडवलेल्या सगळ्या फायली एकदम त्यांच्याकडे गेल्या.

केबिनमध्ये एकेक उघडतायत. क्लिक ऐकू येतोय. खुबा सापडला म्हणाले. मी ओरडले, मग आता बास करा — पुन्हा क्लिक.

मला हाक मारली. म्हणाले, "ही कवटी बघ गं, नाव कसं नाही हिच्यावर? बाईमाणूस आहे. एका कानात दोन टॉप, दुसऱ्यात एकच."

माझा हात कानाकडे गेला. त्यांनी पाहिलं. घाईघाईने फाईल बंद केली.

तारीख आजचीच.

जागेवरून हलणार नाही. जिना नको, रस्ता नको. पंखा बंद केलाय. इथेच, या खुर्चीत, भिंतीला पाठ लावून. डॉक्टर दारात उभे आहेत, रडवेले झालेत. खाली डंका चालू आहे, भिंत हादरतेय, नेहमीसारखीच — नाही, जास्त. वहीवर चुना पडतोय. वर बघायचं नाही. डॉक्टर बघतायत वर. ते हात पुढे करून —