चार बोटं सरकलेला बॉल

लातूर, शनिवार

तीर्थरूप गुरुलिंग मामांना मल्लेशचे शरणु शरणार्थ.

साष्टांग घालायचा रिवाज मला ठाऊक आहे, पण कंबरेला पट्टा बांधलेला असल्यानं हा नमस्कार उभ्यानंच पोचता करून घ्यावा. मामींचा गुडघा कसा आहे? तुमची साखर? (मागच्या वेळी तुम्ही “शंभर-सव्वाशे” म्हणालात आणि मामी मागून “उपाशीपोटी का पेढे खाऊन?” म्हणाल्या, ते मला ऐकू आलं होतं.) सध्या खताच्या दुकानात गर्दी नसेल, म्हणजे तुम्हाला निवांत वाचता येईल, असं धरून लांबलचक लिहितोय. फोन करायला काय झालं होतं, असं म्हणाल. तर या आठवड्यात सहा वेळा केला. दर वेळी तुमचा आवाज आला की मी हवापाण्यावर बोललो आणि ठेवून दिला. देवणीत ऊन किती पडलंय हे आता मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. जे सांगायचं होतं ते मात्र तोंडातून निघालं नाही, म्हणून कागदावर आलो.

गोष्ट तुम्हाला अर्धी ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहितो, कारण शेवटापर्यंत पोचायला मला तेवढी धाव लागणार आहे. नऊ वर्षांमागं खताच्या कंपनीनं तुम्हाला हैदराबादची सहल बक्षीस दिली. नेमकी तुमची गाय व्यायला आली होती, म्हणून तुम्ही तुमच्या जागी मला पाठवलं. (त्या गायीनं चार दिवस दम धरला असता तर आज गोल्फ तुम्ही खेळत असता आणि हे पत्र मला आलं असतं.) तिथल्या हॉटेलामागं गोल्फचं मैदान होतं. कंपनीच्या साहेबांनी हौसेनं एकेका दुकानदाराच्या हातात काठी दिली. अकरा जणांनी माती उकरली. बारावा मी. माझा बॉल टण्णकन उडाला आणि सरळ, इतका सरळ गेला, की साहेबांनी चष्मा काढून पुसला. मामा, मी क्लासेसच्या रोडवर झेरॉक्सचं दुकान चालवणारा माणूस. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांचे पेपर छापतो. सगळं लातूर डॉक्टर व्हायच्या मागं लागलंय आणि मी बारावीला दोनदा नापास. माझ्या हातून आयुष्यात सरळ गेलेली ती पहिलीच गोष्ट. त्या संध्याकाळी मी ठरवलं, व्यावसायिक गोल्फपटू व्हायचं. पात्रता स्पर्धा पार करायची आणि पेपरात नाव येतं त्या लोकांबरोबर खेळायचं. वय बत्तीस होतं.

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, “माळावरची तीन एकर पड हाय, गायी चरतात, तिथं मार काय मारायचा ते.” तेव्हापासून दर रविवारी मी लातूरहून एसटीनं देवणीला, पाठीवर काठ्यांची पिशवी. (निम्म्या कंडक्टरांना मी भजनी मंडळाचा वाटायचो.) तुमच्या गायी राखणारा ग्यानोबा बांधावर बसून बघायचा. “मालक, लई लांब गेला,” म्हणायचा, “पर तिकडं कशाला मारला?” त्याला मी खेळाचा एकच नियम समजावला होता: बॉल जिथं पडला तिथूनच मारायचा. दगडामागं पडू दे, शेणात पडू दे, उचलायचा नाही, सरकवायचा नाही. त्याला तो नियम फार आवडला. एकदा बॉल तुमच्या त्या पांढऱ्या गायीच्या पोटाशी जाऊन थांबला, तर ती उठेपर्यंत पाऊण तास मी आणि ग्यानोबा दोघंही थांबलो होतो. गाय हाकलणं नियमात बसतं का, याची मला खात्री नव्हती.

महिन्यातून एकदा हैदराबादला खऱ्या गवतावर खेळायला जायचो. चौथ्या वर्षी पहिल्या पात्रतेसाठी तयार झालो, तर कोपर धरलं. डॉक्टर म्हणाले, टेनिस एल्बो. म्हटलं, मी टेनिस खेळत नाही. म्हणाले, आजाराला ते ठाऊक नसतं. ते वर्ष गेलं. सातव्या वर्षी स्पर्धेच्या आधी तीन आठवडे कंबर गेली, मणक्यातली गादी सरकली, आणि मी सव्वा महिना फळीवर झोपून काढला. तेव्हा तुम्ही देवणीहून तेल घेऊन आलात आणि जमलेल्या पाहुण्यांना सांगितलंत, “पोरगं सराव करता करता पडलं, शिपाई रणात पडतो तसं.” मामा, इथं पहिली शरमेची गोष्ट कबूल करतो. मी सराव करत नव्हतो. तुमची भाचेसून दामिनी येसूर मसाला करायला मिरच्या भाजत होती आणि मला शिंक आली. एकच शिंक. तीत कंबर गेली. दामिनीनं ते दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही, आणि त्या दिवसापासून ती मिरच्या गच्चीवर भाजते.

यंदा तिसरी खेप. डॉक्टर म्हणाले होते, कंबर अजून पक्की नाही, खेळू नका. मी वय बघितलं आणि फॉर्म भरला. पुण्याकडच्या मैदानावर ऐंशी जण, दोन दिवस खेळ, ज्यांचे फटके सगळ्यांत कमी ते पहिले वीस जण पुढच्या अखेरच्या फेरीत. पहिला दिवस पट्टा आवळून निभावला. दुसऱ्या दिवशी माझ्या जोडीला धम्मानंद आला. आपल्या लोह्याचा, सव्वीस वर्षांचा, पुण्यातल्याच एका मैदानावर गवत कापायच्या मशिनवर नोकरी. उजाडायच्या आधी गवत कापायचं आणि साहेब लोक यायच्या आत दहा-वीस बॉल मारून घ्यायचे, असं शिकलेला. मी “कुठले?” विचारलं, तो “लोहा” म्हणाला, आणि त्या परक्या हिरवळीवर आम्ही दोघं आपली बोली बोलत निघालो. तिसऱ्या होलला बॉल खड्ड्यात गेला आणि माझ्या लक्षात आलं, की मला तो बाहेर काढता येत नाही. वाकताच येईना. मी खांबासारखा उभा. धम्मानंद आला, वाकला, बॉल काढून माझ्या हातात दिला. “राहू द्या काका, मी हाव की,” म्हणाला. त्यानंतर प्रत्येक होलला तो आपला बॉल काढायचा आणि माझाही. या खेळात एकमेकांचे फटकेही एकमेकांनीच लिहायचे असतात, म्हणजे माझा कागद त्याच्या हातात आणि त्याचा माझ्या हातात. दुसरा हिशेबनीस कुणी नसतो.

चौदाव्या होलला माझा बॉल झाडीत गेला आणि एका बाभळीच्या मुळीला चिकटून बसला. मारायचा तर गुडघ्यात बसून, पाठ पिळून मारावा लागणार होता. एक फटका दंड घेतला तर बॉल उचलून मोकळ्यावर टाकायची सोय नियमात आहे. ती मला पाठ आहे. धम्मानंद पलीकडं त्याचा बॉल शोधत होता. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मामा, बुटाच्या टोकानं बॉल चार बोटं सरकवला. फार नाही. चार बोटं. मग मारला. तो सरळ गेला, नऊ वर्षांमागं गेला होता तस्साच. धम्मानंद झाडीपलीकडून ओरडला, “वा काका!” मी हात वर केला. कोणत्या तोंडानं केला ते विचारू नका.

संध्याकाळी यादी लागली. विसावा मी. एकविसावा धम्मानंद, एका फटक्यानं. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, “आपल्याकडचा एक तरी गेला.” माझी पिशवी स्टँडपर्यंत त्यानंच आणली. मी एसटीत बसून तुम्हाला फोन केला, “मामा, झालो!”

पुढचं तुम्ही केलंत आणि प्रेमानं केलंत, म्हणून मला जास्त लागतं. दुसऱ्या दिवशी देवणीच्या स्टँडवर फ्लेक्स. “देवणीचे भाचे, आंतरराष्ट्रीय खेळाडू.” (शुभेच्छुकांचे अकरा फोटो, सगळे माझ्याहून मोठे. माझं मुंडकं ज्या धडावर बसवलंय ते हॉकी खेळतंय. हे मी कुणाला बोललो नाही, कारण बोलायचा हक्क राहिला नव्हता.) रविवारी सत्कार. शाल, नारळ, दोनशे माणसं. तुम्ही म्हणालात, दोन शब्द बोल. मी खेळातल्या सचोटीवर अठरा मिनिटं बोललो. मला थांबताच येईना. खोट्या माणसाला सचोटीवर किती सुचतं, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी ग्यानोबा उठला. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. हात जोडून म्हणाला, “मालक, तिथं मोठ्या मैदानावर बी पडला तिथूनच मारावा लागतो का?”

दोनशे माणसांसमोर मी म्हणालो, “हाव ग्यानोबा. पडला तिथूनच.”

त्यानं आजूबाजूच्या लोकांकडं असं बघितलं, जणू नियम त्यानंच केला होता. मला वाटलं, स्टेज फाटावं.

घरी येऊन दामिनीला सगळं सांगितलं. ती शालीची घडी घालत होती. घडी पुरी केली. मग म्हणाली, “नऊ वर्षं मी गल्लीत सांगून राहिले, माझा नवरा येडा हाय पर खोटा न्हाई. आता त्यातलं कोणतं सांगू?” मामा, तिनं भांडी आपटली असती तर मला बरं वाटलं असतं.

मंगळवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून मी स्पर्धेच्या कमिटीला फोन लावला. बाहेर दोन पोरी झेरॉक्ससाठी खोळंबल्या होत्या. पलीकडच्या साहेबांनी मला तीन वेळा विचारलं, कुणी तक्रार केली आहे का? म्हटलं, नाही. मग तुम्ही का सांगताय? याला उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि काय सांगावं, रडू आलं. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, झेरॉक्स मशिनवर कोपर टेकून, पट्टा बांधलेला. साहेब घाबरले, म्हणाले, पाणी प्या. दुपारी कळवलं: माझं नाव बाद, दोन वर्षं बंदी, आणि माझ्या जागी धम्मानंद. (दोन वर्षांनी मी त्रेचाळीस. कंबर किती वर्षांची असेल ते डॉक्टरही सांगत नाहीत.) पोरींचे कागद मी उलटे छापले. त्यांनी पुन्हा मागितलेही नाहीत, माझं तोंड बघून गेल्या.

संध्याकाळी मी स्वतः धम्मानंदला फोन करून कबूल केलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “काका, तुमचा बूट हललेला मला दिसला होता. बॉल न्हाई दिसला, मधी झाड होतं.”

“मग विचारलं का नाहीस?”

“विचारणार होतो. पर तुम्ही त्याच्यानंतर माझ्याकडं बघितलंच न्हाई. मी बॉल काढून द्यायचो तरी तुम्ही खालीच बघायचे. म्हणलं, माणूस आधीच बेजार हाय.”

म्हणजे उरलेले चार होल तो मला ओळखून होता आणि तरी माझ्यासाठी वाकत होता. मला त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी आज ताठ बसून लिहिलं असतं.

तर असं झालं. तुम्ही मला पड जमीन दिलीत आणि मी तुम्हाला हे पीक दिलं. रागवा, पण मामींसमोर रागवा, म्हणजे त्या तुम्हाला आवरतील. घरातल्या थोरांच्या पाया पडतो (मनातून, वर लिहिलेल्या कारणानं), पोरांच्या डोक्यावर हात. ग्यानोबाला काय सांगावं ते मला सुचत नाही. तुम्हाला सुचलं तर तेवढं सांगा.

आपला शरमिंदा भाचा,
मल्लेश

ता. क. – फ्लेक्स उतरवून घ्यावा ही विनंती. कापड जाड आहे, कडब्यावर झाकायला चालेल.

ता. क. दुसरा – शाल सोबतच्या पुडक्यात आहे, ज्यांनी दिली त्यांना परत द्यावी. नारळ परत करता येत नाही. त्याची बर्फी झाली आणि शरमेची गोष्ट अशी, की मीही खाल्ली.

ता. क. तिसरा – खरं काम हे आहे. काल लोह्याहून धम्मानंदच्या आईचा, कोंडाबाईंचा फोन आला. त्यानं घरी एवढंच सांगितलंय की लातूरच्या काकांनी आपली जागा सोडली म्हणून मला मिळाली. का सोडली ते सांगितलं नाही. माझी लाज राखली त्यानं. कोंडाबाई म्हणाल्या, “दादा, आजकाल सख्खं माणूस असं करत न्हाई. गुरुवारी जेवाया या. तुमच्यात वशाट चालत न्हाई ते ठाव हाय मला, वांग्याची भाजी अन् ज्वारीच्या भाकरी करते.” बोलता बोलता त्या रडल्या. मला “तसं नाही हो” म्हणायचं होतं. मी “हाव” म्हणालो. एकटा गेलो तर काय होईल ते मला ठाऊक आहे. वांगं खाईन, आशीर्वाद घेईन आणि तसाच परत येईन. म्हणून तुम्ही सोबत या. मामी म्हणतात, तुमच्या पोटात गोष्ट उदगीरपर्यंतसुद्धा टिकत नाही, आणि लोहा तर त्याच्या कितीतरी पुढं आहे. आधी मी बोलायचा प्रयत्न करीन. पण माझी पहिली भाकरी संपेपर्यंत मी गप्पच राहिलो, तर दुसरीला तुम्ही सांगायला सुरुवात करा.