औषध चालू असेपर्यंत

सोमवार, ३ मार्च

बोटांची टोकं अजून बधिर. औषधाने होतं असं, म्हणतात. स्वेटरची बटणं ह्यांनीच लावून दिली. मग स्वतःची पाळकाची पांढरी कॉलर चढवली आणि चर्चच्या मंडळीतल्या एका आजारी बाईसाठी प्रार्थना करायला गेले. प्रार्थना करायला! देव आहे असं ज्यांना आता वाटतच नाही, ते.

मला त्यांनी हे हिवाळ्यात सांगितलं. भांडी पुसत होते. "माझा विश्वास उरला नाही गं." मी म्हटलं, "मग?" तर म्हणाले, "तुझं औषध संपेपर्यंत रेटतो कसंबसं."

का रेटायचं ते मला सांगावं लागत नाही. चर्चच्या कचेरीत माझंच टेबल आहे ते. मेथडिस्ट पाळकांचं आणि चर्चच्या नोकरमाणसांचं पेन्शन, त्यांच्या दवाखान्याचा खर्च. पाळकाने दीक्षा परत केली, म्हणजे पाळकपण सोडलं, की त्याच दिवसापासून त्याचा आणि बायकोचा आरोग्यविमा बंद. मी स्वतः अर्धवेळ, आणि अर्धवेळवाल्यांना विमा नाही. हा नियम मीच लोकांना गोड आवाजात समजावून सांगते.

मंगळवार, ४ मार्च

एका तरुण पाळकाचा फोन. रविवारी भर उपदेशात बिशपांवर भडकला, दीक्षापत्र वेदीवर ठेवलं आणि तडक बाहेर! आज आवाज एवढासा. "बाई, बायकोचे दिवस भरत आलेत हो. दवाखान्याचं काय?"

मी सांगितलं काय ते.

"पण मी रागाच्या भरात —"

रागाच्या भरात परत केलेली दीक्षासुद्धा परतच धरतात. बाळंतपण होईपर्यंत कळ काढली असती तर! साहेबांना विचारून पाहिलं. "आपल्या हातात काय आहे?" म्हणाले आणि बिस्किटांचा डबा पुढे केला. मला कशाचीच चव लागत नाही, तरी एक घेतलं.

घरी सांगितलं तर हे हसले. "बघ, मी किती शहाणा!"

गुरुवार, ६ मार्च

सलाईन. हे शेजारी बसून रविवारचा उपदेश लिहीत होते. नर्स म्हणाली, "नशीब काढलंत हो बाई!" मी मान हलवली.

रविवार, ९ मार्च

उपदेश फार चांगला झाला. हीच तर गंमत आहे. विश्वास होता तेव्हा हे इतकं चांगलं बोलत नसत. पुढच्या रांगेतल्या दोघी डोळे पुसत होत्या. मी माझ्या बुटांकडे बघत होते.

बुधवार, १२ मार्च

निवृत्त होणारे एक पाळक आले, बायकोला घेऊन. पेन्शन दोन तऱ्हांनी घेता येतं. एकात महिन्याला जास्त मिळतं, पण पाळक गेले की बंद. दुसऱ्यात थोडं कमी, पण मागे बायकोला अर्धं चालू राहतं. पहिलं हवं असेल तर बायकोने माझ्यासमोर सही करून स्वतःचा वाटा सोडायचा.

पाळकांना पहिलं हवं होतं. "हिची तब्येत ही अशी. ही काय माझ्यामागे राहणार आहे?" तिच्यासमोरच! वाईटपणा नव्हता त्यात. पाऊस येईलसं वाटतंय, अशा आवाजात.

बाई खुर्चीत हातभर मागे सरकली आणि खो खो हसली. "मी? मी यांना पुरून उरेन! द्या तो पेन इकडे." पेन घेतला, टोपण लावलं आणि पर्समध्ये टाकला. माझा पेन! सही न करताच दोघं गेली. जिन्यात त्यांचं भांडण बराच वेळ ऐकू येत होतं.

मला हसू यायला हवं होतं.

शनिवार, १५ मार्च

जेवताना ह्यांनी सांगून टाकलं. औषध संपलं की दीक्षा परत करणार. भावाची दूरच्या गावी रोपवाटिका आहे, तिथे जाणार. चर्चचं घर तर सोडावंच लागेल.

"आणि मी?"

"तू आईकडे राहा. इथली नोकरी सोडू नकोस."

"किती दिवस?"

म्हणाले, "मला एकट्याला राहायचंय गं. तुझं काही चुकलेलं नाही." पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाले, "तू बरी झाल्याशिवाय हलणार नाही. तो शब्द आहे माझा."

म्हणजे मी बरी झाले की हे जाणार. ताट उचललं, घासलं. रडू येईल म्हणून थोडा वेळ सिंकपाशी थांबले. नाही आलं.

सोमवार, १७ मार्च

काही नाही.

गुरुवार, २० मार्च

सलाईन. उलट्या. रात्रभर हे बादली धरून होते. माणूस वाईट असता तर किती बरं झालं असतं!

मंगळवार, २५ मार्च

ती बाई एकटीच आली. पेन परत करायला. म्हणाली, "मी सही करत नाही म्हणून म्हातारा रुसलाय. चार दिवस बोललेला नाही माझ्याशी."

मी म्हटलं, मग कराल का सही?

"छे! रुसू दे की. रुसलाय, पण घरात आहे ना? चहा तर माझ्याच हातचा पितोय." मग माझ्या डोक्यावरच्या रुमालाकडे बघून म्हणाली, "तुमचे हे सांभाळतात ना नीट?"

मी हो म्हटलं. खरंच सांभाळतात.

रविवार, ३० मार्च

वार्षिक परिषद. बिशप एकेका पाळकाचं नाव घेतात आणि यंदा कुठलं चर्च ते सगळ्यांदेखत वाचतात. आधी कोणालाच माहीत नसतं. नाव आलं की उभं राहायचं. सामान बांधायचं की नाही ते तिथे कळतं! शेजारच्या पाळकीणबाई माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. मला तो हात नीटसा जाणवतही नव्हता.

ह्यांचं नाव आलं. आहे त्याच चर्चमध्ये, आणखी एक वर्ष. हे उभे राहिले. टाळ्या पडल्या.

परतताना गाडीत म्हणाले, "वर्षभर नाही जमायचं मला. दर रविवारी वाटतं, आज जीभ उचलायची नाही." गाडी सिग्नलला थांबली. "गुरुवारी रिपोर्ट आहे ना तुझा?"

"हो."

हे बारीक झालेत. कॉलर गळ्याभोवती फिरते. आज पहिल्यांदाच नीट पाहिलं. मला त्यांची दया आली. आणि तरीही त्यांनी जाऊ नये असंच वाटलं.

गुरुवार, ३ एप्रिल

हे गाडी लावायला गेले होते. डॉक्टर व्हरांड्यातच भेटले. "रिपोर्ट एकदम स्वच्छ! संपलं तुमचं औषध. आता नुसतं अधूनमधून दाखवायला यायचं." नर्सने मिठी मारली.

हे जिना चढून आले. धाप लागली होती. "काय म्हणाले?"

"अजून चालू ठेवायचंय म्हणाले."

ह्यांनी डोळे मिटले. मग माझी पिशवी घेतली. "ठीक आहे," म्हणाले. "चालू ठेवू."

घरी आल्यावर दोनदा वाढून घेतलं. पुढच्या गुरुवारी हे दवाखान्यात सोडायला येतील. त्यांना मंडळीच्या कामाला पाठवून देईन आणि तिथेच खालच्या बाकावर पुस्तक घेऊन बसेन.