ओठाच्या कडेचा डाग

नेरुळ, शनिवार, १५ नोव्हेंबर १९९७

उद्या प्राचीला बघायला माणसं येणार. म्हणून आज पोरीने मला आरशासमोर बसवलं आणि माझ्या ओठाच्या कडेचं कोड अंगाच्या रंगाचा कन्सीलर लावून झाकायला शिकवलं. मला! वीस वर्षं हाच डाग घेऊन सभा गाजवल्या, कोड लपवू नका म्हणून टेबलावर हात आपटले.

“घासू नको गं आई, बोटाने थोपट. आणि पावडर दाबून लाव. लादी पुसतेयस का?”

तिसऱ्या खेपेला जमलं. डाग दिसेना. मी म्हटलं, “प्राची, हे बरोबर नाही. लग्नानंतर कळेलच ना त्यांना?” तेवढ्यात ओठाच्या कडेला कन्सीलरला चीर पडली आणि खालचं पांढरं दिसलं.

“बघ, बोललीस की फुटतं. उद्या भाषण नको, प्लीज. दोन स्थळं गेलीत आधीच.”

दोन्ही वेळी डाग उघडा होता. काय वाद घालणार? मुद्दे होते, सगळे पाठ. पण तिचे डोळे भरले होते. मग इतकी वर्षं मी कुणाला पटवत होते?

पुन्हा थोपटलं, पावडर दाबली. घड्याळासमोर वीस मिनिटं ओठ मिटून बसले.

चीर पडली नाही.